ओवीची तीन प्राक्तने : 'ख्रिस्तपुराणा'तील एका प्रश्नाच्या अनुषंगाने

१

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चे नाव निघाले की मराठी वाचकाला सर्वप्रथम आठवते ती त्यातील भाषास्तुती. मोगरी, कस्तुरी, मयूर अशा उपमानांच्या मालेतून एका इंग्रज जेज्विटाने मराठीला दिलेला अग्रमान आपल्या पाठ्यपुस्तकांतून, व्याख्यानांतून व वाङ्मयाच्या इतिहासांतून इतक्या वेळा उद्धृत झाला आहे की, सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ त्या चार-सहा ओव्यांसाठीच रचला गेला असावा, असा समज नव्या अभ्यासकाचा सहज व्हावा. परंतु त्याच पहिल्या अवस्वरात, या स्तुतीपासून फार दूर नसलेल्या स्थळी, एक प्रसंग आला आहे. त्याच्याकडे मात्र समीक्षकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. सासष्टीतील एका चर्चमध्ये रविवारी ख्रिस्ती धर्मतत्त्वांची शिकवण चालू असता श्रोत्यांपैकी एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठतो आणि पाद्रीगुरूला नम्रपणे विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तर आपण वर्ज्य केलीत. मग त्यांच्या जागी तशीच दुसरी पुराणे आम्हांला का देत नाही? ही पृच्छा हेच ग्रंथाचे निमित्त आहे, आणि पुढील सारे निरूपण हे तिचे उत्तर आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे. परकीय सत्तेखाली एखाद्या समाजाची संस्कृती नष्ट झाली की टिकली, असा वाद आपण सामान्यतः दोन टोकांवरून घालतो. एक पक्ष 'ख्रिस्तपुराणा'कडे मराठीचा गौरव म्हणून पाहतो; दुसरा त्याच्याकडे धर्मांतराचे साधन म्हणून पाहतो. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघेही त्या ब्राह्मणाचा प्रश्न ऐकत नाहीत. त्या प्रश्नात एका रिकाम्या जागेची नोंद आहे. ती जागा कशाची होती, ती कोणी रिकामी केली आणि ती कशाने भरली गेली, याचा विचार केल्यावाचून या ग्रंथाचे वाङ्मयीन मूल्यमापन पुरे होणार नाही, असे आम्हांस वाटते.

२

प्रथम ती जागा कशी रिकामी झाली ते पाहू. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्क याने गोवा जिंकले. १५४३ मध्ये बारदेश व सासष्टी हे महाल पोर्तुगिजांकडे आले. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडण्यात आली; सासष्टी व बारदेशातील देवळांवर ती पाळी १५६६-६७ मध्ये आली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली, आणि १५६७ मध्ये भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने हिंदूंच्या आचारांवर निर्बंध घालणारे ठराव केले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. या देवतांना अंत्रुज महालात आश्रय मिळाला, कारण तो प्रदेश त्या काळी पोर्तुगिजांच्या अमलाबाहेर होता.

देवळे पडली याचा अर्थ केवळ इमारती पडल्या असा नव्हे. देवस्थानाच्या जमिनीच्या उत्पन्नावर पुराणिक पोसला जात असे. चातुर्मासात तो पोथी सोडून बसे. गाव त्याच्यापुढे श्रोता होऊन बसे. ग्रंथ, वक्ता, श्रोता, स्थळ आणि पर्वकाळ या पाच गोष्टी मिळून 'पुराण' नावाची संस्था होत असे. देवस्थानांचे उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वर्ग झाले, पुराणिक परागंदा झाला अथवा बाटला आणि पोथ्या बाळगणे धोक्याचे झाले. मागे उरला तो श्रोता. सासष्टीच्या चर्चमध्ये उठून प्रश्न विचारणारा तो हाच श्रोता होय. त्याची धर्मनिष्ठा बदलली होती, परंतु ऐकण्याची सवय बदललेली नव्हती.

हा प्रकार गोमंतकापुरता नव्हता. सासष्टीतील देवळे पडण्याच्या काही वर्षे आधी, १५६२ मध्ये, स्पॅनिश अमलाखालील युकातान प्रांतात मानी या गावी दिएगो द लांदा या धर्मगुरूने माया लोकांचे चित्रलिपीतील ग्रंथ जाळले. पुढे त्याच लांदाने माया लोकांच्या चालीरीतींचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले, आणि आज अभ्यासकांना त्याच वर्णनावर विसंबावे लागते. त्या लोकांचे प्राचीन चित्रलिपीतील ग्रंथ आज जगात चारच उरले आहेत. ग्वातेमालातील किचे लोकांचा 'पोपोल वूह' हा ग्रंथ सोळाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्याच भाषेत, पण रोमन लिपीत लिहिला गेला. त्याचे कर्ते आरंभीच सांगतात की, मूळ ग्रंथ आता पाहावयास मिळत नाही म्हणून आम्ही हे ख्रिस्ती राज्यात लिहीत आहोत. हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला तोही फ्रान्सिस्को हिमेनेझ या धर्मगुरूने अठराव्या शतकाच्या आरंभी केलेल्या प्रतीमुळे. या दोन दूरस्थ ग्रंथांच्या आरंभी एकाच अभावाचा उच्चार व्हावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. भेद इतकाच की, 'पोपोल वूह' मध्ये तो उच्चार ज्यांचे गेले त्यांनी स्वतः केला आहे, तर 'ख्रिस्तपुराणा'त तो ज्यांनी नेले त्यांच्यापैकी एकाच्या लेखणीतून उतरला आहे.

३

आता ती जागा भरणाऱ्या ग्रंथाकडे वळू. स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास आले आणि १६१९ मध्ये मृत्यू पावेपर्यंत बहुतांश सासष्टीतच राहिले. १५८३ मध्ये आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांच्या रचनेचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य नोंदविले आहे. त्यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले (ते १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले) आणि कोकणीतच ख्रिस्ती धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी रचली (१६२२). परंतु पुराण रचावयाचे ठरले तेव्हा त्यांनी भाषा निवडली ती मराठी. घरची बोली एक आणि ग्रंथाची भाषा दुसरी, ही गोमंतकातील स्थिती त्यांनी अचूक ओळखली होती. प्रस्तावनेत ते सांगतात की, परमेश्वरी गोष्टींच्या निरूपणास मराठी योग्य वाटली. परंतु शुद्ध मराठी सामान्यांस कळणार नाही म्हणून मागील कवींचे अवघड शब्द टाकून, सध्याच्या कवींच्या रीतीप्रमाणे, ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले आहेत. या विधानाचे महत्त्व भाषास्तुतीहून अधिक आहे. 'मागील कवी' आणि 'सध्याचे कवी' असा भेद करणारा लेखक एका चालू परंपरेच्या आत उभा राहून लिहीत असतो. पोथ्यांवर बंदी असतानाही ती परंपरा त्यांच्या कानावर येत होती, याची ही कबुली आहे.

१६१६ मध्ये रायतूर येथे हा ग्रंथ प्रथम छापला गेला. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. 'पैलें पुराण' हे ३६ अवस्वरांचे आणि 'दुसरें पुराण' ५९ अवस्वरांचे. लिपी रोमन. ही लिपी स्टीफन्सना सर्वस्वी मान्य होती असे नाही. १६०८ मध्ये रोमला पाठविलेल्या पत्रात त्यांनी देशी भाषेचे ग्रंथ देशी लिपीतच छापले जावेत अशी इच्छा दर्शविली होती. तथापि जोडाक्षरांसह शेकडो खिळे ओतण्याचे काम दुर्घट ठरले. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातून लंडनच्या पौर्वात्य विद्यासंस्थेत आलेले या पुराणाचे देवनागरी हस्तलिखित जस्टिन ॲबट यांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उजेडात आणले. रोमन पाठात धर्मसंस्था, संस्कार इत्यादींसाठी जेथे पोर्तुगीज-लॅटिन शब्द येतात, तेथे या हस्तलिखितात बहुधा संस्कृतोद्भव शब्द आढळतात. यांपैकी मूळ पाठ कोणता, हा वाद येथे सोडविण्याचे प्रयोजन नाही. आमच्या विषयाच्या दृष्टीने इतके पुरे की, एकाच पुराणाची दोन रूपे झाली. एक धर्मपीठाच्या शब्दकोशाकडे झुकलेले, दुसरे श्रोत्याच्या कानाकडे.

रोमन पाठसुद्धा श्रोत्याच्या कानापासून फारसा दूर जाऊ शकला नाही. आरंभी नमन आहे. वक्ता आहे, शंका काढणारे श्रोते आहेत. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले आहे. आशय बायबलचा, मूर्तिपूजेचा निषेधही त्यात जागोजागी आहे. परंतु ओवी हा केवळ साडेतीन चरणांचा साचा नव्हे. ज्ञानदेवांपासून तिने आपल्याबरोबर ऐकण्याची एक पद्धत आणली आहे. यमकाच्या विसाव्यावर श्रोत्याने मान डोलवावी, दृष्टांताने अर्थ उलगडावा, वक्त्याने मध्येच श्रोत्यास सावध करावे, हे सारे तिच्याबरोबर येते. ज्याने ओवी घेतली त्याला हे सारे घ्यावे लागले. म्हणून 'वैकुंठ' हा शब्द स्टीफन्सनी सोयीसाठी वापरला असला, तरी ओवीत बसलेला तो शब्द ऐकणाऱ्याच्या मनात जुने सारे संदर्भ जागे झाल्यावाचून राहिले नसतील. ज्याच्यासाठी पुराण रचले त्याच्या स्मरणावर रचणाऱ्याचा ताबा चालत नाही.

येथे या ग्रंथाचा गुण आणि त्याची मर्यादा एकाच ठिकाणी दिसते. स्टीफन्सनी श्रोत्याला त्याचा छंद, त्याची भाषा आणि त्याची सभा परत दिली. त्याची कथा मात्र परत दिली नाही. हे उत्तर सहृदय आहे, यात संशय नाही. परंतु ज्या सत्तेने जागा रिकामी केली तिच्याच आश्रयाने ती भरली गेली, हे विसरून केवळ सहृदयतेची स्तुती करणे हे समीक्षेचे काम नव्हे.

४

आता त्याच सासष्टीतील दुसरी ओवी पाहू. केळशी गावच्या कृष्णदास शामा याने १५२६ मध्ये भागवताच्या दशम स्कंधावर आधारलेले कृष्णचरित्र मराठी ओवीत रचले. ज्या केळशीहून पुढे चाळीस वर्षांनी शांतादुर्गेला नदी ओलांडावी लागली तेच हे गाव. पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात ७७१, ७७२ व ७७३ या क्रमांकांची जी हस्तलिखिते आहेत, त्यांत रामायण-महाभारतातील कथांचे कोकणी गद्य आणि मराठी काव्यरचना रोमन लिपीत उतरलेल्या आहेत. मारियानु सालदान्य, अ. का. प्रियोळकर इत्यादी अभ्यासकांमुळे त्यांचा परिचय आपणांस झाला. ती हस्तलिखिते कशी तयार झाली याचा उलगडा जेज्विटांच्याच पत्रव्यवहारातून होतो. हिंदूंच्या घरांतून पोथ्या हस्तगत करून, त्या समजून घेऊन, वादविवादात त्यांचा उपयोग करण्याची रीत सोळाव्या शतकाच्या मध्यापासून चालू होती. या कामी नवख्रिस्ती ब्राह्मणांचे साह्य घेतले जाई. खंडन करण्यासाठी वाचावे लागते, वाचण्यासाठी लिहून काढावे लागते. आणि लिहून काढलेले जपावे लागते.

म्हणजे कृष्णदासाची ओवी टिकली ती बंदिवान होऊन. अक्षर न् अक्षर परक्या लिपीत, परक्या देशात, ज्यांना ती म्हणावयाची नव्हती अशांच्या कपाटात ती राहिली. शब्द वाचले, परंतु तिला श्रोता उरला नाही. स्टीफन्सच्या ओवीचे याच्या नेमके उलट झाले. तिला श्रोता होता, पण कथा परकी होती. एकाच तालुक्यात नव्वद वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन रचना आपल्या वाङ्मयेतिहासांत मात्र दोन वेगळ्या प्रकरणांत पडतात. एक 'पंडितपूर्व कृष्णचरित्रे' या सदरात, दुसरी 'ख्रिस्ती मराठी वाङ्मय' या बहुधा परिशिष्टवजा सदरात. परिणामी कोणत्याही एका प्रकरणात त्या ब्राह्मणाचा प्रश्न समजण्याची सोय राहत नाही. त्याने ज्या 'पूर्वीच्या पुराणां'चा उल्लेख केला, तशा पुराणांचा एक नमुना म्हणजे कृष्णदासाचे काव्य. आणि त्याला मिळालेले उत्तर म्हणजे 'ख्रिस्तपुराण'. प्रश्न व उत्तर निरनिराळ्या कपाटांत ठेवून संवाद वाचता येत नाही.

५

'ख्रिस्तपुराणा'च्या पुढील इतिहासातही एक बोधप्रद वळण आहे. १६८३ च्या अखेरीस संभाजी महाराजांची गोव्यावर स्वारी झाली. तिच्या पाठोपाठ, २७ जून १६८४ रोजी, व्हाइसरॉय काउंट आल्व्होर याने आज्ञा काढली की, येथील लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. १७४५ मध्ये आर्चबिशपने विवाहेच्छू वधूवरांस पोर्तुगीजचे ज्ञान आवश्यक ठरविले. आरंभीच्या धर्मप्रचारकांनी देशी भाषेला साधन मानले होते. त्यांच्या वारसांनी तिला अडथळा मानले. दरम्यान सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातील मुद्रण बंद पडले, ते १८२१ पर्यंत. १६५४ नंतर 'ख्रिस्तपुराणा'ची आवृत्ती निघाली ती एकदम १९०७ मध्ये, आणि तीही गोव्यात नव्हे तर मंगळुरात. जोसेफ सालदान्य यांनी ती तयार केली मंगळुरी ख्रिस्ती घराण्यांनी हातांनी उतरून जपलेल्या प्रतींवरून. पहिल्या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. छापील ग्रंथ पुन्हा पोथी झाला, वंशपरंपरेने उतरून घेतला गेला, आणि म्हणूनच वाचला. ज्या पोथ्या नाहीशा करून या ग्रंथाला जागा करून देण्यात आली होती, त्यांच्याच मार्गाने त्याला जगावे लागले. शांताराम बंडेलू यांची १९५६ ची देवनागरी आवृत्ती, कारिदाद द्रागो यांची १९९६ ची व नेल्सन फाल्काव यांची २००९ ची आवृत्ती या सर्वांचा पाया त्या अनाम लेखनिकांच्या श्रमांत आहे.

तिसरी ओवी ग्रंथात नाही. मराठीत आपण ग्रंथी ओवी व कंठी ओवी असा भेद करतो. गोव्यातील ख्रिस्ती घरांत लग्नाच्या वेळी वधूवरांस नारळाचा रस लावतात, वधूच्या हातांत चुडा भरतात, आणि त्या वेळी बायका 'ओव्यो' म्हणतात. १४ एप्रिल १७३६ रोजी इन्क्विझिशनने काढलेल्या जाहीरनाम्यात नवख्रिस्तींच्या घरांतील हिंदू वळणाच्या आचारांवर बंदी घातली गेली. तीत अळणी भात शिजवणे, तुळस लावणे, विशिष्ट पेहराव करणे यांबरोबरच लग्नातील या ओव्याही नावानिशी निषिद्ध ठरल्या. चर्चमध्ये ओवीतून ख्रिस्तकथा ऐकवून शंभर-सव्वाशे वर्षे झाली होती. तरी घरातील ओवी गुन्हा ठरली. हा वरवर विरोध दिसतो, पण त्यात सत्तेची दृष्टी स्वच्छ होती. ग्रंथी ओवीला कर्ता असतो, परवानगी असते, छापणाऱ्याचे नाव असते. कंठी ओवीला यांपैकी काही नसते. ती घरातील वृद्धेकडून घरातील मुलीकडे जाते, आणि कोणालाही न विचारता बदलते. तिला जप्त करावयाचे म्हटले तर हाती काय घ्यावे, हाच प्रश्न पडतो.

१८१२ मध्ये इन्क्विझिशन कायमचे रद्द झाले. ओव्यो त्यानंतरही म्हटल्या जात राहिल्या. त्यांत आता ख्रिस्ती संतांची व मातेची नावे आहेत, क्रुसाची खूण आहे; परंतु रस लावणे आहे, चुडा आहे, मुलीला निरोप देणारा तो जुना स्वर आहे. ज्यांनी त्या जपल्या त्या बायकांनी आपण एखादी संस्कृती जपत आहोत असे मनात आणले नव्हते. लग्न लागावयाचे होते, आणि ओवीशिवाय ते लागल्यासारखे वाटत नव्हते, इतकेच.

६

या तीन ओव्यांकडे एकत्र पाहिले असता काही निष्कर्ष संभवतात. कृष्णदासाची ओवी जशीच्या तशी टिकली, पण तिचा वापर गेला. स्टीफन्सची ओवी वापरात राहिली, पण तिचा आशय पालटला. लग्नातील ओवी वापरातही राहिली आणि बदलतही गेली. मात्र तिची नोंद सर्वांत कमी झाली. संस्कृतीच्या 'नाशा'बद्दल व 'जतना'बद्दल बोलताना आपण बहुधा पहिल्या प्रकारालाच जतन म्हणतो, कारण संशोधकाला तो हाताळावयास सोपा असतो. शुद्धता ही कसोटी लावली तर ब्रागाचे हस्तलिखित पहिले येईल आणि ख्रिस्ती घरातील ओवी शेवटची. परंतु 'हे कोणाच्या उपयोगी पडले?' ही कसोटी लावली तर क्रम उलटा होतो. आमच्या मते वाङ्मयसमीक्षेने दुसरी कसोटी पहिलीच्या बरोबरीने वापरली पाहिजे.

यावर एक आक्षेप संभवतो. बदलून टिकणे यालाच टिकणे म्हटले, तर मग नाश असा काही उरतच नाही, आणि नाश करणाऱ्याची जबाबदारीही उरत नाही. हा आक्षेप गंभीर आहे. त्याला उत्तर त्या ब्राह्मणाच्या प्रश्नातच आहे. त्याला नवे पुराण मिळाले. परंतु जुने का गेले, हे विचारण्याची मुभा मिळाली नाही. वर्ज्य केल्याची गोष्ट तो सांगतो ती गृहीत म्हणून, तक्रार म्हणून नव्हे. स्वतःच्या वारशाबद्दल तक्रारही करता येऊ नये, हा तोटा कोणत्याही ओवीने भरून निघालेला नाही. टिकलेल्याचे मोल मानताना गेलेल्याचा हिशेब चुकवू नये. उलट, टिकलेल्या प्रत्येक ओवीत त्या हिशेबाची एखादी नोंद सापडते, म्हणूनच ती काळजीपूर्वक वाचावयाची.

व्यवहाराच्या दृष्टीने दोन सूचना कराव्याशा वाटतात. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कृष्णदास शामा व थॉमस स्टीफन्स यांचा विचार सासष्टीच्या एका वाङ्मयीन परंपरेचे दोन टप्पे म्हणून एकत्र व्हावा. यात मराठी-कोकणी वादाला स्थान असण्याचे कारण नाही, कारण दोन्ही भाषा त्या परंपरेत आपापल्या जागी होत्या. आणि ख्रिस्ती लग्नांतील ओव्यांचे ध्वनिमुद्रण व संकलन ज्या त्या गावच्या जाणत्या बायकांच्या साह्याने, 'ख्रिस्तपुराणा'च्या छंदाशी ताडून व्हावे. शहरी लग्नांतून रसाचा विधी आखडत चालला आहे, आणि या ओव्यांसाठी ब्रागासारखे कपाट कोठेही राखलेले नाही. सासष्टीच्या त्या श्रोत्याने विचारलेल्या प्रश्नाला चारशे वर्षांपूर्वी एका परदेशीय पाद्र्याने आपल्या परीने उत्तर दिले. आता तो प्रश्न आपल्यापुढे आहे.